फोटो काढला, पण वाचला कोणी?

एप्रिल आला की आपल्या वस्त्यांत जयंतीच्या मंडपाशेजारी दुसरा एक छोटा मंडप लागतो, आरोग्य शिबिराचा. रक्तदाब, साखर, डोळे आणि अलीकडे छातीचा एक्स-रे. कल्याण पूर्वेच्या कोळसेवाडीपासून ठाण्याच्या वागळे इस्टेटपर्यंत हे चित्र दिसते. गाडी येते, रांग लागते, आणि आज किती जणांचे एक्स-रे निघाले तो आकडा संध्याकाळी माईकवरून सांगितला जातो. टाळ्या पडतात. मंडळाच्या पोरांनी घाम गाळलेला असतो, त्यामुळे टाळ्या रास्तच आहेत. पण पुढच्या आठवड्यात घराघरांत जाऊन पाहा. ती पाकिटे कपाटावर, गादीखाली, नाहीतर देवळीतल्या फोटोंच्या मागे सरकवलेली सापडतात. विचारले तर उत्तर येते, "काढला ना फोटो. काही असतं तर सांगितलं असतं."

कोण सांगणार होते? माझा सगळा मुद्दा या प्रश्नाभोवती आहे.

मी ३१ वर्षे एका सरकारी रुग्णालयाच्या एक्स-रे विभागात टेक्निशियन म्हणून काम केले. "श्वास घ्या, रोखून धरा, सोडा" हे शब्द दिवसातून शंभरदा तोंडून गेले असतील. अंधाऱ्या खोलीत ओल्या फिल्म हँगरला टांगण्याच्या काळापासून ते संगणकाच्या पडद्यावर क्षणात चित्र येण्याच्या काळापर्यंत सगळे पाहिले. यंत्रे बदलली. फोटो काढणे आणि तो नीट वाचला जाणे यांतले अंतर मात्र गरिबाच्या बाबतीत फारसे कमी झाले नाही.

तीन पाकिटे

आमच्या चाळीत एक भाऊ राहतात. वय पन्नाशीच्या आत. आधी एका फाउंड्रीत वाळूच्या साच्यांवर काम केले, मग ठेकेदाराकडे ग्रॅनाइट कापायला लागले. घोडबंदरपासून डोंबिवलीच्या पुढे पलावापर्यंत जे टॉवर उभे राहिले, त्यांतल्या कित्येक स्वयंपाकघरांचे ओटे त्यांच्या ग्राइंडरखालून गेले असतील. तोंडाला रुमाल, बाकी काही नाही. संध्याकाळी घरी येत तेव्हा पापण्यासुद्धा पांढऱ्या.

नऊ वर्षांत त्यांना तीनदा टीबीचे औषध दिले गेले. थुंकीत जंतू एकदाही सापडले नाहीत. एक्स-रेत डाग दिसले, खोकला होता, वजन घटले होते, म्हणून औषध सुरू झाले. प्रत्येक वेळी औषध संपले, पण धाप राहिली. घरात त्यांचे ताट वेगळे झाले. मुलीच्या सोयरिकीची बोलणी एका ठिकाणी थांबली, कारण पाहुण्यांच्या कानावर टीबीची कुजबुज गेली होती.

मी निवृत्त झाल्यावर त्यांची बायको एक दिवस तीन पाकिटे घेऊन आली. म्हणाली, "काका, तुम्ही यातलं बघता. एवढं औषध खाऊनही यांची धाप का जात नाही, सांगा ना." मी तिन्ही फिल्म तारखेनुसार खिडकीच्या काचेला लावल्या. दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात बारीक बारीक दाणे, मोहरी सांडल्यासारखे. पहिल्या फिल्ममध्ये थोडे, दुसरीत जास्त, तिसरीत ते एकमेकांना चिकटून गोळे होऊ लागलेले. तिन्ही फिल्म एका जागी ठेवून कोणी कधी पाहिल्याच नव्हत्या. प्रत्येक डॉक्टरसमोर एकच फिल्म होती आणि सोबतच्या चिठ्ठीवर दोन शब्द होते: खोकला, धाप. माणूस काम काय करतो, हे कुठेही लिहिलेले नव्हते.

आता सांगायला जड जाते ते सांगतो. मधली फिल्म माझ्या हातची होती. ते शेजारी होते, दगड कापतात हे मला माहीत होते. मी त्यांना यंत्रापुढे उभे केले, हनुवटी वर करायला लावली, बटण दाबले आणि पुढचा नंबर पुकारला. चिठ्ठीवर "ग्रॅनाइट कटिंग" हे दोन शब्द लिहायला मला अर्धा मिनिट लागला नसता.

निदान करणे माझे काम नव्हे. मी त्यांना छातीच्या तज्ज्ञांकडे नेले. थुंकीची पुन्हा तपासणी झाली, सीटी स्कॅन झाला, कामाचा सगळा इतिहास विचारला गेला. निदान निघाले सिलिकोसिस. दगडाची आणि वाळूची बारीक धूळ फुप्फुसात रुतून बसल्याने होणारा हा आजार. झालेले नुकसान भरून काढील असे औषध त्यावर नाही. धुळीतून वेळेवर बाहेर काढले असते तर आजार इतक्या वेगाने पुढे सरकला नसता. हे नऊ वर्षांपूर्वी कळायला हवे होते.

काळे, पांढरे आणि मधले

एक्स-रे हा सावल्यांचा खेळ आहे. हवा किरणांना अडवत नाही, म्हणून ती काळी दिसते. हाड अडवते, म्हणून पांढरे. रक्त, मांस, पाणी हे सगळे करड्या-पांढऱ्या रंगाचे. निरोगी फुप्फुस हवेने भरलेले, म्हणून काळसर, त्यात रक्तवाहिन्यांच्या झाडाच्या फांद्यांसारख्या रेषा. जिथे काळे असायला हवे तिथे पांढरे दिसले तर हवेच्या जागी दुसरे काहीतरी आले आहे, एवढेच फिल्म सांगते. ते पू आहे, पाणी आहे, जुना व्रण आहे, गाठ आहे की धुळीचा गोळा, हे ठरवायला फिल्मबाहेरची माहिती लागते.

म्हणून हातात फिल्म आली की डागाकडे आधी पाहू नका. आधी नाव आणि तारीख पाहा. हसू नका, गर्दीच्या शिबिरात पाकिटांची अदलाबदल मी डोळ्यांनी पाहिली आहे. मग बाजू पाहा. फिल्मवर उजवी-डावी अशी खूण असते. रुग्ण आपल्यासमोर उभा आहे असे धरायचे. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते आणि हृदयाचा मोठा भाग आपल्या उजव्या हाताला दिसतो.

नंतर श्वास पूर्ण घेतला होता का ते पाहतात. पाठीमागच्या बाजूच्या नऊ-दहा बरगड्या श्वासपटलाच्या वर मोजता आल्या तर श्वास पुरेसा. अर्ध्या श्वासात फोटो निघाला तर चांगले फुप्फुसही खालच्या भागात पांढुरके दिसते आणि हृदय उगाच मोठे वाटते. फोटो उभ्याने काढला की खाटेवर, हेही महत्त्वाचे. खाटेवर समोरून काढलेल्या फोटोत हृदय खऱ्यापेक्षा मोठे दिसते. अशी फिल्म हातात घेऊन "हार्ट वाढलंय" म्हणून रडारड झालेली मी पाहिली आहे.

काय दिसते आणि तिथे काय विचारायचे

आपल्या भागात जे आजार वारंवार दिसतात त्यांच्यापुरतेच बोलतो.

न्यूमोनियात फुप्फुसाच्या एका भागात पांढरा ढग दिसतो. त्यातून हवेच्या नळ्या काळ्या रेघांसारख्या उठून दिसू शकतात. ताप, खोकला, छातीत टोचणे हे सोबत असते. रुग्ण बरा वाटू लागला तरी ढग विरायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून लगेच आठ दिवसांनी फोटो काढून घाबरू नये. पण पन्नाशी ओलांडलेल्या किंवा बिडी-सिगारेट ओढणाऱ्या माणसाने साधारण सहा आठवड्यांनी पुन्हा फोटो काढून ढग गेला याची खात्री करून घ्यावी. न जाणाऱ्या न्यूमोनियामागे कधी कधी कर्करोग लपलेला असतो.

क्षयरोग बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग, कधी पोकळी दाखवतो. मधुमेह असलेल्यांत तो खालच्या भागातही दिसतो. एचआयव्ही असलेल्यांत फिल्म जवळजवळ स्वच्छही असू शकते. आणि जुना, बरा झालेला क्षयही आयुष्यभर व्रण सोडून जातो. त्यामुळे एका फिल्मवरून हा क्षय चालू आहे की जुना, हे ठामपणे सांगता येत नाही. डाग दिसला की पहिला प्रश्न एकच विचारायचा: थुंकीची तपासणी झाली का? सीबीनॅट किंवा गोव्याच्या मोलबायो कंपनीने आणलेले ट्रूनॅट या तपासण्यांत जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला तो दाद देतो का, हे दोन्ही काही तासांत कळते. सरकारी केंद्रांत ही तपासणी मोफत आहे. काही रुग्णांत थुंकीत जंतू सापडत नाहीत आणि तरीही डॉक्टर विचारपूर्वक टीबीचे औषध देतात, तेही योग्य असते. पण थुंकी तपासलीच नाही आणि औषध सुरू झाले, हे मान्य करू नका.

छातीत पाणी झाले की बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधला खालचा टोकदार कोपरा बोथट होतो. जास्त पाणी असेल तर पांढरी पातळी वर चढते. सरळ उभ्या फोटोत दिसायला साधारण २०० मिलिलिटर तरी पाणी जमावे लागते. त्याहून कमी असेल तर सोनोग्राफीत दिसते. आपल्याकडे तरुण माणसाच्या एका बाजूला पाणी झाले की क्षयाची शंका प्रथम येते. दोन्ही बाजूंना असेल तर हृदय, मूत्रपिंड, यकृत यांच्याकडेही पाहावे लागते.

वर्षानुवर्षे चुलीपुढे बसलेल्या आपल्या आया-आज्या आणि बिडी ओढणारे पुरुष यांच्या फुप्फुसात हवा अडकून राहते. फिल्ममध्ये फुप्फुसे लांब, जास्त काळी, श्वासपटल चपटे आणि हृदय निमुळते दिसते. पण हा आजार सुरुवातीला एक्स-रेत दिसत नाही. त्याला फुंकण्याची तपासणी लागते, स्पायरोमेट्री.

हृदयाचे मोजमाप सोपे आहे. उभ्याने नीट काढलेल्या फोटोत मोठ्या माणसाच्या हृदयाची रुंदी छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्यापेक्षा जास्त असू नये. जास्त असेल, फुप्फुसाच्या वरच्या रक्तवाहिन्या फुगलेल्या असतील, मध्यापासून दोन्हीकडे पंखांसारखा पांढरेपणा पसरला असेल आणि खाली दोन्ही कोपऱ्यांत पाणी असेल, तर हृदयाचे पंपिंग कमी पडते आहे अशी शंका येते. अशा रुग्णाला आडवे झोपवत नाही, उशीला टेकून बसावे लागते. त्याला खोकल्याचे औषध देत बसण्यात वेळ घालवू नये.

आणखी एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. लहानपणी घसा दुखून ताप येतो, मग सांधे सुजतात, आणि काही वर्षांनी हृदयाची झडप खराब होते. दाटीवाटीच्या, गरीब वस्त्यांचा हा आजार आहे. तरुण मुलगी जिना चढताना दमते, घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. बाळंतपणाच्या वेळी धाप एकदम वाढते आणि तेव्हा कळते. एक्स-रेत हृदयाची डावी कड नेहमीच्या वळणाऐवजी सरळ झालेली दिसते. अशा वेळी टूडी इको करून घ्यायलाच हवा.

शेवटी एक तातडीची गोष्ट. छातीत अचानक कळ येऊन धाप लागली आणि फोटोत एका बाजूला फुप्फुसाची कड आत सरकलेली, तिच्या बाहेर रेषा नसलेला निव्वळ काळा भाग दिसला, तर फुप्फुसाबाहेर हवा शिरली आहे. तिथे रिपोर्टची वाट पाहायची नसते, थेट अपघात विभागात जायचे.

जे दिसत नाही

"एक्स-रे नॉर्मल आहे" हे वाक्य ऐकले की आपण पेढे वाटायला निघतो. हृदयविकाराचा झटका आलेल्या माणसाचा एक्स-रे अगदी स्वच्छ असू शकतो. छातीत दाबल्यासारखे दुखणे, घाम, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल तर ईसीजी लागतो, एक्स-रे नव्हे. दम्याचा एक्स-रे बहुधा नॉर्मल असतो. भिवंडीच्या लूमवर कापसाच्या धुळीत काम करणाऱ्या माणसाला सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते आणि पुढच्या दिवसांत जरा सैल होते. ही बिसिनोसिसची ओळख आहे, तीही फिल्ममध्ये दिसत नाही. ती फक्त विचारल्यावर कळते.

मग एक्स-रे कशाला?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, एक्स-रेवर भरवसाच नको. मी तसे म्हणत नाही. देशात २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी झाली. त्या पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ एक्स-रेमुळे हाती लागले. लक्षणे विचारून थांबले असते तर ते निसटले असते. आणि ज्यांना लक्षणे होती त्यांच्यातल्या ६४ टक्के लोकांनी उपचार शोधलेच नव्हते. दहा बाय दहाच्या खोलीत पाच जण झोपणाऱ्या घरात असा एक निसटलेला रुग्ण म्हणजे काय, हे मी सांगायला नको. एक्स-रे ही उत्तम चाळण आहे. छातीच्या एका फोटोतले किरण म्हणजे निसर्गातून काही दिवसांत मिळणाऱ्या किरणांइतकेच, त्यामुळे गरज असेल तिथे भीती बाळगू नये. गरोदर बाईने तेवढे आधी सांगावे.

पण चाळणीत राहिलेले दाणे पुढे निवडायचे असतात. आपल्या शिबिरांत चाळण फिरवून ती तशीच खुंटीला टांगली जाते.

आता संगणकही एक्स-रे वाचू लागला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील लोकांच्या क्षयतपासणीसाठी अशा वाचनाला मान्यता दिली. ७ डिसेंबर २०२४ रोजी देशात सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात धरण्याजोगी एक्स-रे यंत्रे वस्त्यांपर्यंत नेण्यावर भर होता. मला याचे स्वागतच करावेसे वाटते. जिथे रेडिओलॉजिस्ट महिन्यातून एकदा येतो तिथे यंत्राने निदान संशयित वेगळे काढून द्यावेत. पण क्षय शोधायला शिकवलेल्या यंत्राला प्रत्येक सावलीत क्षयाची शक्यता मोजायची असते. समोरच्या माणसाच्या पापण्यांवरची धूळ त्याला दिसत नाही. तो काय काम करतो हे ते विचारत नाही. विचारायचे काम माणसाचे आहे, आणि माणसानेच ते सोडले तर यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही.

काम लिहा

सिलिकोसिस झालेल्या माणसाला क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यामुळे दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, हे खरे. तरीही दोन्हींची नावे वेगळी लिहिली जाणे गरजेचे आहे, कारण नाव बदलले की हक्क बदलतो. क्षय हा कामाचा आजार मानला जात नाही, सिलिकोसिस मानला जातो. तो कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेला आहे. म्हणजे चिठ्ठीवरच्या दोन शब्दांवर एका कुटुंबाची भरपाई अवलंबून असते. आमच्या चाळीतल्या भाऊंना ठेकेदाराने विम्यात नोंदवलेच नव्हते. पगार रोख, कागद शून्य. आज ते दोन जिने चढू शकत नाहीत आणि नऊ वर्षांच्या कामाचा पुरावा म्हणून त्यांच्याकडे फक्त त्या तीन फिल्म आहेत.

इथे बाबासाहेबांची आठवण केवळ श्रद्धेने काढत नाही. व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादकडच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. कामगाराची स्थिती कळायची तर तो जिथे काम करतो तिथे जाऊन पाहावे लागते. त्याच काळात कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी सुरू झाली आणि पुढे १९४८ चा कायदा आला. वागळे इस्टेटमधले आणि उल्हासनगरचे विमा रुग्णालय त्या कायद्यामुळे उभे आहे. तो हक्क आपल्या दारात असताना आपली माणसे ठेकेदारीत त्याच्या बाहेर राहतात. दगड कापणारे, फरशी घासणारे, सँडब्लास्टिंग करणारे, नाले आणि कचरा उपसणारे कंत्राटी सफाई कामगार यांत आपले किती आहेत, हे आपल्याला मोजून दाखवायला नको.

एक तांत्रिक गोष्टही सांगतो. सह्याद्रीच्या काळ्या दगडात मोकळी सिलिका कमी असते. म्हणजे त्याची धूळ निर्धोक असे नाही, पण सिलिकोसिसचा मोठा धोका ग्रॅनाइटमध्ये, फाउंड्रीच्या वाळूत आणि ओट्यासाठी येणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्‌झच्या फरशीत आहे. त्या फरशीत ९० टक्क्यांच्या आसपास सिलिका असू शकते. कोरडे कापण्याऐवजी पाणी सोडून कापले तर धूळ पुष्कळ कमी होते. रुमालाने ती थांबत नाही.

राजस्थानने २०१९ मध्ये सिलिकोसिससाठी धोरण आणले. तपासणी, प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्र मिळाल्यावर ३ लाख रुपयांची मदत असा ठरलेला मार्ग आखला. आपल्याकडच्या दगड कापणाऱ्या कामगारालाही तितकीच सरळ वाट मिळाली पाहिजे, ही मागणी आपल्या संघटनांनी लावून धरावी.

आक्षेप आणि उत्तर

काही डॉक्टर मित्र म्हणतात, लोकांना एक्स-रे वाचायला शिकवू नका. अर्धवट ज्ञानाने ते स्वतःच निदान करतील, व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो फिरवतील. भीती खोटी नाही. मोबाइलवर पाठवलेल्या फोटोत बारीक दाणे हरवतात आणि दिव्याचा उजेड पोकळीसारखा दिसतो. पण निदान करणे आणि प्रश्न विचारणे यांत फरक आहे. बँकेचे पासबुक वाचता येणारा माणूस मॅनेजर होत नाही, त्याला फक्त फसवणे कठीण जाते. आपल्या समाजाला अक्षर ओळखू दिले नव्हते, तेव्हाही कारण असेच दिले जात होते की यांना कळणार नाही. छातीच्या फिल्मवरची अक्षरे आपण ओळखलीच पाहिजेत.

आता करायचे काय

शिबिर घेणाऱ्या मंडळांना आणि विहार समित्यांना माझी विनंती आहे. एक्स-रेची गाडी बोलावण्याआधी तीन गोष्टींची खात्री करा. प्रत्येक फिल्मचा लेखी रिपोर्ट कोण देणार आणि किती दिवसांत? संशयित निघालेल्यांची थुंकी त्याच जागी घेतली जाणार का? आणि पुढच्या तीन महिन्यांत त्यांच्या घरी कोण जाणार? या तिन्हींची उत्तरे नसतील तर शिबिर पुढे ढकला. शंभर फोटो काढून विसरण्यापेक्षा वीस काढून शेवटपर्यंत नेलेले बरे. विहारातल्या रविवारच्या बैठकीत दोन तरुण-तरुणींवर एवढीच जबाबदारी द्या. नावे जाहीर करू नका, रुग्णाची गुप्तता पाळा.

रुग्णालयांकडे आपण मागणी केली पाहिजे. कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर, कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय ही आपली, करदात्यांची रुग्णालये आहेत. एक्स-रेच्या चिठ्ठीवर नाव आणि वयाखाली "व्यवसाय, किती वर्षे" असा एक रकाना छापायला फारसा खर्च येत नाही. कार्यालयात निवेदन देताना या एका रकान्याची मागणी वेगळी लिहा. टेक्निशियन बंधू-भगिनींना तर हात जोडून सांगतो, रकाना छापून येईपर्यंत पेनाने लिहा. मी लिहिले नाही, तुम्ही लिहा.

घरातल्यांसाठी एवढेच. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल, थुंकीतून रक्त येत असेल, वजन घटत असेल तर थांबू नका. जुन्या फिल्म आणि रिपोर्ट तारखेनुसार एका पिशवीत ठेवा आणि प्रत्येक वेळी सोबत न्या. सीडी किंवा मोबाइलवर चित्र मिळाले तरी लेखी रिपोर्ट मागून घ्या. डॉक्टरांनी विचारले नाही तरी आपले आजचे आणि आधीचे काम सांगा. क्षय निघाला तर औषध मोफत आहे आणि पोषणासाठी निक्षय योजनेतून नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये मिळतात. १८००-११-६६६६ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते. आणि ताट वेगळे करू नका. जंतू खोकल्याच्या हवेतून पसरतो, ताटातून नाही. खिडकी उघडी ठेवा, तोंडावर मास्क ठेवा, औषध चुकू देऊ नका. घरातल्या इतरांची, विशेषतः लहान मुलांची, तपासणी करून घ्या.

आमच्या चाळीतल्या त्या वहिनींनी तिन्ही फिल्म आता एका जाड पिशवीत घालून भिंतीला टांगल्या आहेत. पिशवीवर त्यांच्या मुलीने मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ग्रॅनाइट आणि फाउंड्री, २२ वर्षे. मागच्या महिन्यात भाऊ तपासणीला गेले तेव्हा नव्या डॉक्टरांनी आधी पिशवीवरची ती ओळ वाचली आणि मग फिल्म उजेडात धरली.

जय भीम.